वाचकांचे प्रश्न : सर्व्हरच्या बाजूने कुकी हाताळताना

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे कुकींविषयीचे (साइटच्या सूचनेवरून ब्राउझर साठवतो त्या नाव-मूल्याच्या छोट्या नोंदींविषयीचे) होते, म्हणून हे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक वाचक पीएचपी वापरणारे असल्यामुळे उदाहरणे त्या भाषेतील अधिक आहेत. मात्र ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील व्यवहार सर्व भाषांत सारखाच असतो.

प्रश्न : पीएचपीमध्ये ‘सेटकुकी’ फंक्शन वापरून कुकी ठेवली आणि पुढच्याच ओळीत ती वाचली, तर मूल्य रिकामे मिळते, पान पुन्हा लोड केल्यावर मात्र ते बरोबर मिळते. शिवाय हाच कोड माझ्या संगणकावर विनातक्रार चालतो, पण होस्टिंगच्या सर्व्हरवर ‘हेडर्स आधीच पाठवले गेले आहेत’ असा इशारा येतो. या दोन अडचणींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे. कुकी साठवण्याचे काम सर्व्हर करत नाही, ब्राउझर करतो. सर्व्हर आपल्या प्रतिसादाच्या हेडरांमध्ये (पानाच्या मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये) ‘सेट-कुकी’ अशी एक ओळ जोडून ब्राउझरला फक्त तशी सूचना देतो. ती सूचना पाळायची की नाही हे ब्राउझर ठरवतो, आणि पाळली तर पुढच्या विनंतीपासून ‘कुकी’ या हेडरमधून नाव आणि मूल्य यांची जोडी परत पाठवू लागतो. पीएचपीतील ‘कुकी’ हा सुपरग्लोबल (कोडमध्ये कुठूनही वाचता येणारा) अ‍ॅरे चालू विनंतीबरोबर जे आले, त्यावरूनच विनंतीच्या आरंभी भरला जातो. तुम्ही ‘सेटकुकी’ लिहिता तेव्हा ती विनंती येऊन गेलेली असते आणि प्रतिसाद अजून निघालेला नसतो, त्यामुळे त्या अ‍ॅरेत नवे मूल्य दिसण्याचे कारणच नाही. त्याच पानावर ते मूल्य हवे असेल तर ते साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवून वापरावे. ‘कुकी’ अ‍ॅरेत स्वतःच्या हाताने मूल्य भरण्याची पद्धत काही ठिकाणी शिकवली जाते, ती मला योग्य वाटत नाही. कारण मग ब्राउझरने खरोखर काय पाठवले आणि आपण काय भरले, यांतील फरक पुसला जातो.

दुसऱ्या अडचणीचे मूळही याच क्रमात आहे. एचटीटीपीमध्ये हेडर आधी जातात आणि पानाचा मजकूर नंतर. मजकुराचा पहिला बाइट बाहेर पडला की हेडरांचा भाग संपला, आणि त्यानंतर ‘सेट-कुकी’ जोडता येत नाही. हा पहिला बाइट बहुधा नजरेला न दिसणारा असतो. फाइलच्या आरंभी एडिटरने घातलेली तीन बाइटांची यूटीएफ-८ खूण, इन्क्लूड केलेल्या फाइलमधील बंद होणाऱ्या टॅगनंतर राहिलेल्या रिकाम्या ओळी, किंवा एखाद्या इशाऱ्याचा छापला गेलेला मजकूर, यांपैकी काहीही त्याला पुरते. तुमच्या संगणकावर अडचण येत नाही याचे संभाव्य कारण आउटपुट बफरिंग, म्हणजे छापलेला मजकूर पाठवण्याआधी काही काळ साठवून ठेवणे, हे आहे. पीएचपीबरोबर येणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशन फाइलींत त्याची मर्यादा ४०९६ बाइट ठेवलेली असते. अशी फाइल वापरात नसेल तर ते बंद असते. म्हणजे एका यंत्रावर मजकूर बफरमध्ये थांबून राहतो आणि हेडरांना वेळ मिळतो, तर दुसऱ्या यंत्रावर तो तत्काळ निघून जातो. होस्टिंगच्या सर्व्हरवर बफरिंग चालू करणे हा उपाय नव्हे, कारण पान मोठे झाले की अडचण परत येईल. विनंतीवरची सर्व प्रक्रिया आधी पूर्ण करावी, कुकीज आणि इतर हेडर ठरवावेत, आणि मगच पान छापायला घ्यावे. ज्या फाइलींत केवळ पीएचपी आहे, त्यांत शेवटचा बंद टॅग लिहूच नये.

ब्राउझर कुकीज स्वीकारतो की नाही, हे तपासण्यासाठीही दोन विनंत्या लागतात. पहिल्या प्रतिसादात कुकी पाठवून त्याच प्रतिसादात दुसऱ्या पत्त्यावर रीडायरेक्ट करावे, आणि तेथे ती परत आली का ते पाहावे. रीडायरेक्टच्या प्रतिसादातील ‘सेट-कुकी’ ब्राउझर मानतात.

प्रश्न : लॉगआउटच्या वेळी कुकी काढून टाकण्याचा कोड चालतो, त्रुटी येत नाही, तरीही कुकी जागच्या जागी राहते. असे का व्हावे?

उत्तर : एखादी ठरावीक कुकी काढण्याची वेगळी आज्ञा एचटीटीपीमध्ये नाही. त्याच कुकीला भूतकाळातील मुदत देऊन, किंवा ‘मॅक्स-एज’ शून्य करून पुन्हा पाठवायचे, एवढाच मार्ग आहे. यात अडते ते ‘त्याच कुकीला’ येथे. ब्राउझर कुकीची ओळख केवळ नावाने ठरवत नाही. नाव, डोमेन आणि पाथ या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती एक कुकी धरली जाते. कुकी ठेवताना पाथ दिला नसेल तर ब्राउझर त्या पत्त्याची डिरेक्टरी हाच पाथ मानतो. समजा, लॉगिनचे पान ‘अकाउंट’ नावाच्या डिरेक्टरीत आहे आणि लॉगआउटचे पान साइटच्या मुळाशी आहे. तेथून पाथ न देता पाठवलेली पुसण्याची सूचना ‘/’ या पाथवरच्या, अस्तित्वात नसलेल्या कुकीला लागू होते आणि ‘/अकाउंट’ची कुकी तशीच राहते.

डोमेनचेही तसेच आहे. डोमेन दिले नाही तर कुकी फक्त त्याच होस्टपुरती राहते, आणि दिले तर त्या डोमेनच्या सर्व उपडोमेनांनाही ती जाते. एकाच नावाच्या दोन कुकीज, एक होस्टपुरती आणि एक डोमेनभर, अशा एकत्र नांदू शकतात. ब्राउझर त्या दोन्ही पाठवतो, परंतु कोणती कुठली हे सांगत नाही, कारण परतीच्या प्रवासात फक्त नाव आणि मूल्य असते. पाथ, डोमेन, मुदत यांपैकी काहीच सर्व्हरला कळत नाही. एकाच नावाच्या दोन जोड्या आल्या की काही लायब्ररी पहिली घेतात आणि काही शेवटची. ‘मी मूल्य बदलले तरी जुनेच दिसते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच जोडी असते. कुकी ठेवणारे आणि पुसणारे असे दोन्ही कोड एकाच फंक्शनमधून जावेत, म्हणजे पाथ आणि डोमेन वेगळे पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणखी दोन गोष्टी. पुसण्याची सूचना एचटीटीपीएसवरून आणि ‘सिक्युअर’ (कुकी फक्त एचटीटीपीएसवरून जाऊ देणाऱ्या) या गुणधर्मासह पाठवावी. साध्या एचटीटीपीवरून आलेल्या सूचनेला सुरक्षित कुकीवर हात टाकू न देण्याची व्यवस्था ब्राउझरांत आहे. आणि लॉगआउट म्हणजे केवळ कुकी पुसणे नव्हे. सर्व्हरवरचे सेशन (त्या वापरकर्त्याच्या लॉगिनची तेथे ठेवलेली माहिती) नष्ट केले नाही, तर ज्याच्याकडे त्या कुकीची प्रत आहे त्याला ती पूर्वीसारखीच वापरता येते. उलट बाजूने, पीएचपीतील ‘सेशन डिस्ट्रॉय’ सर्व्हरवरची माहिती काढते पण ब्राउझरमधील कुकी काढत नाही. त्यामुळे दोन्ही कामे स्वतंत्रपणे करावी लागतात.

प्रश्न : लॉगिननंतर मी वापरकर्त्याचा क्रमांक, त्याची भूमिका आणि त्याला लागू असलेली सवलत कुकीत ठेवतो, म्हणजे दर वेळी डेटाबेसकडे जावे लागत नाही. सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की हे धोकादायक आहे. मूल्य बेस-६४ मध्ये रूपांतरित करून ठेवले, किंवा ‘एचटीटीपी-ओन्ली’ लावले, तर पुरेल का?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि दोन्हींपैकी एकही उपाय पुरणार नाही. तरी तुमच्या कल्पनेला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य करायला हवे. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मॉन्टुली यांनी १९९४ साली कुकींची योजना केली, ती खरेदीच्या व्यवहाराची अर्धवट स्थिती सर्व्हरऐवजी वापरकर्त्याच्या संगणकावर ठेवता यावी याच गरजेतून. पण ज्या संगणकावर ती माहिती राहते तो वापरकर्त्याचा आहे, आणि त्यावरची कुकी तो हवी तशी बदलू शकतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये भूमिकेच्या जागी ‘अ‍ॅडमिन’ असे लिहायला विशेष कौशल्य लागत नाही. बेस-६४ ही केवळ लिहिण्याची वेगळी पद्धत आहे, ती उलगडायला कोणतीही किल्ली लागत नाही. ‘एचटीटीपी-ओन्ली’ पानातील जावास्क्रिप्टला कुकी वाचू देत नाही, त्यामुळे घुसवलेल्या स्क्रिप्टकडून होणारी कुकीची चोरी रोखायला ते उपयोगी आहे आणि सेशनच्या कुकीला ते असलेच पाहिजे. परंतु ब्राउझरसमोर बसलेल्या माणसाला ते अडवत नाही.

कुकीतून आलेले प्रत्येक मूल्य फॉर्ममधून आलेल्या मूल्याइतकेच संशयास्पद मानावे. ते एसक्यूएलमध्ये घालताना, पानावर छापताना, फाइलचे नाव म्हणून वापरताना, नेहमीची सर्व काळजी घ्यावी. अनेक प्रकल्पांत फॉर्मची मूल्ये कसोशीने तपासलेली दिसतात आणि कुकीचे मूल्य मात्र ‘आपणच ठेवलेले’ म्हणून थेट क्वेरीत जाते.

मग काय ठेवावे? सर्वसाधारण नियम असा, की कुकीत फक्त एक लांब, यादृच्छिक आणि स्वतः निरर्थक असा ओळखक्रमांक असावा आणि बाकी सर्व सर्व्हरवर. पीएचपीचे सेशन, जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कचे डेटाबेसमधील सेशन आणि इतर बहुतेक फ्रेमवर्क हेच करतात. यादृच्छिक म्हणजे खरोखर यादृच्छिक. वेळ, वापरकर्त्याचा क्रमांक किंवा त्यांचा एमडी-५ हॅश (ठरावीक सूत्राने काढलेला ठसा) चालणार नाही, कारण त्यांचा अंदाज बांधता येतो. गुप्तलेखनासाठी योग्य असलेल्या फंक्शनने तयार केलेले किमान १२८ बिट घ्यावेत. लॉगिन यशस्वी झाल्याबरोबर हा ओळखक्रमांक बदलावा. पीएचपीत त्यासाठी ‘सेशन रीजनरेट आयडी’ आहे. तसे केले नाही तर आक्रमक आपल्याला ठाऊक असलेला क्रमांक आधीच दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये बसवतो, आणि तो माणूस लॉगिन होताच त्याच क्रमांकाने स्वतः आत शिरतो. पीएचपीतील ‘यूज स्ट्रिक्ट मोड’ मुळात बंद असते, ते चालू करावे, म्हणजे सर्व्हरने न दिलेला क्रमांक स्वीकारला जात नाही.

दुसरा मार्ग स्वाक्षरीचा. मूल्याबरोबर गुप्त किल्लीने काढलेली एचमॅक स्वाक्षरी जोडायची आणि परत आल्यावर ती ताडून पाहायची. ही तुलना वेळेवरून अंदाज बांधता येणार नाही अशा फंक्शनने करावी. पीएचपीत ‘हॅश इक्वल्स’ त्यासाठीच आहे. फ्लास्क या पायथनच्या फ्रेमवर्कचे मूळ सेशन असेच असते. त्यावर सही असते, पण ते झाकलेले नसते. त्यातील मजकूर कुणीही वाचू शकतो, बदलू मात्र शकत नाही. पण सहीची एक मर्यादा फारशी लक्षात घेतली जात नाही. सही मूल्य खरे असल्याचे सांगते, ते ताजे असल्याचे सांगत नाही. तुमच्या उदाहरणात सवलत काढून घेतल्यानंतरही वापरकर्ता जपून ठेवलेली जुनी कुकी परत बसवेल, आणि तिची सही तर खरीच असेल. मजकुरात मुदत घालून त्यावर सही करता येते, पण एखाद्याचा प्रवेश या क्षणी रद्द करायचा झाला तर शेवटी सर्व्हरवर काहीतरी तपासावेच लागते. म्हणून भाषेची निवड, रंगसंगती अशा निरुपद्रवी गोष्टी कुकीत खुशाल ठेवाव्यात. भूमिका, किंमत आणि सवलत या गोष्टी तेथे ठेवू नयेत. डेटाबेसकडे जाण्याचा वेळ वाचवायचा असेल तर सर्व्हरजवळचा मेमरी-कॅश त्यासाठी आहे.

आकाराचाही विचार हवा. एका कुकीसाठी सुमारे ४०९६ बाइट एवढीच जागा धरून चालावे, आणि ती कुकी तिच्या पाथवरच्या प्रत्येक विनंतीबरोबर, चित्रांच्या आणि स्टाइलशीटच्या विनंत्यांबरोबरही, पुन्हा पुन्हा जाते. कुकीज फार साठल्या तर अपाचे आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरांची हेडरच्या लांबीवरची मर्यादा, जी मुळात सुमारे आठ किलोबाइट असते, ओलांडली जाते आणि वापरकर्त्याला पानाऐवजी ४०० क्रमांकाची त्रुटी दिसते.

प्रश्न : आमच्या साइटवर पैसे भरण्यासाठी ग्राहक पेमेंट गेटवेच्या पानावर जातो आणि पैसे भरून परत येतो, तेव्हा तो लॉगआउट झालेला असतो. चमत्कारिक बाब अशी, की चाचणी घेताना कधी सर्व ठीक चालते आणि कधी नाही. सेशनची मुदत वाढवूनही फरक पडला नाही.

उत्तर : मुदतीचा येथे संबंध नाही. हा ‘सेम-साइट’ या गुणधर्माचा परिणाम आहे. त्याची तीन मूल्ये आहेत. ‘स्ट्रिक्ट’ असेल तर दुसऱ्या साइटवरून सुरू झालेल्या कोणत्याही विनंतीबरोबर कुकी जात नाही. ‘लॅक्स’ असेल तर दुसऱ्या साइटवरची लिंक दाबून वापरकर्ता तुमच्या पानावर आला, म्हणजे संपूर्ण पान बदलणारी ‘गेट’ (पान मागणारी) विनंती झाली, तरच कुकी जाते. ‘पोस्ट’ (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीबरोबर किंवा दुसऱ्या पानातील आयफ्रेममध्ये उघडलेल्या पानाबरोबर जात नाही. ‘नन’ असेल तर ब्राउझर तिसऱ्या पक्षाच्या (उघडलेल्या साइटखेरीज इतर साइटच्या) कुकीज अडवत नसल्यास ती सर्वत्र जाते, मात्र तिला ‘सिक्युअर’ जोडणे बंधनकारक आहे. क्रोमने २०२० सालापासून, गुणधर्म न दिलेल्या कुकीला ‘लॅक्स’ मानायला सुरुवात केली. सर्व ब्राउझरांनी हा नियम स्वीकारलेला नाही, म्हणून एकच साइट दोन ब्राउझरांत वेगळी वागते.

अनेक गेटवे ग्राहकाला परत पाठवताना निकालाची माहिती ‘पोस्ट’ने तुमच्या पत्त्यावर पाठवतात. ही दुसऱ्या साइटवरून आलेली ‘पोस्ट’ विनंती असल्याने तिच्याबरोबर तुमची सेशन-कुकी येत नाही. एवढ्यावर थांबते तरी बरे होते. पण परतीच्या पानाच्या आरंभी ‘सेशन स्टार्ट’ लिहिलेले असते. सर्व्हरला कुकी दिसत नाही, तो नवे रिकामे सेशन तयार करतो आणि त्याच नावाची नवी कुकी धाडतो, जी ब्राउझरमधील मूळ कुकी पुसून तिच्या जागी बसते. जुने सेशन सर्व्हरवर शाबूत असते, पण त्याच्याकडे जाणारा ओळखक्रमांक ग्राहकाच्या ब्राउझरमधून नाहीसा झालेला असतो.

कधी चालते आणि कधी नाही, याचा खुलासा असा : क्रोमने, गुणधर्म न दिलेल्या कुकींना एक सवलत ठेवली आहे. अशी कुकी ठेवून दोन मिनिटे होण्याच्या आत दुसऱ्या साइटवरून पान बदलणारी ‘पोस्ट’ विनंती आली, तर तिच्याबरोबर ती जाऊ दिली जाते. चाचणी घेणारा माणूस घाईने लॉगिन करून घाईने पैसे भरतो आणि या सवलतीत बसतो. खरा ग्राहक वस्तू निवडण्यात वेळ घालवतो आणि बसत नाही.

सेशन-कुकीला ‘सेम-साइट=नन’ करणे हा सर्वात जवळचा आणि माझ्या मते चुकीचा उपाय आहे, कारण एका पानाच्या सोयीसाठी संपूर्ण साइटचे, दुसऱ्या साइटवरून लादल्या जाणाऱ्या विनंत्यांपासूनचे संरक्षण त्यामुळे सैल होते. परतीच्या पत्त्यावर सेशन सुरूच करू नये. गेटवेने पाठवलेल्या माहितीची स्वाक्षरी तपासावी, ऑर्डरचा क्रमांक घेऊन डेटाबेसमध्ये निकाल नोंदवावा, आणि ३०३ या प्रतिसादाने ग्राहकाला आपल्याच निकालाच्या पानाकडे पाठवावे. ही पुढची विनंती ‘गेट’ असते आणि पान बदलणारी असते, त्यामुळे ‘लॅक्स’ कुकी तिच्याबरोबर येते आणि ग्राहक लॉगिन झालेलाच राहतो. सेशन-कुकी ‘स्ट्रिक्ट’ असेल तर मात्र हा मार्ग चालणार नाही, कारण रीडायरेक्टची साखळी दुसऱ्या साइटवरून सुरू झालेली असते. कुकीचा गुणधर्म ब्राउझरच्या मर्जीवर न सोडता ‘लॅक्स’ असे स्पष्ट लिहावे, पीएचपी ७.३ पासून ‘सेटकुकी’ला पर्यायांचा अ‍ॅरे देऊन ते करता येते.

आणि ‘लॅक्स’ आहे म्हणून फॉर्ममधील सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच फॉर्ममधून आली आहे हे पटवणारे गुप्त मूल्य) काढून टाकू नये. ‘साइट’ची व्याख्या नोंदणीकृत डोमेनवरून ठरते, त्यामुळे तुमच्याच एखाद्या दुर्लक्षित उपडोमेनवरून आलेली विनंती ‘त्याच साइटची’ मानली जाते. शिवाय ‘गेट’ने नोंद हटवणारे एखादे पान शिल्लक असेल, तर त्याला ‘लॅक्स’ काहीच संरक्षण देत नाही.

प्रश्न : कुकीत देवनागरी नाव ठेवले की ते विचित्र अक्षरांत परत येते, आणि मोठा मजकूर तर साठतच नाही.

उत्तर : कुकीच्या मूल्यात अ‍ॅस्की अक्षरेच (इंग्रजी अक्षरे, अंक आणि नेहमीची चिन्हे) असावीत, आणि त्यांतही रिकामी जागा, स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्ह आणि उलटी तिरकी रेघ वर्ज्य आहेत, असा २०११ सालच्या आरएफसी ६२६५ या मानकाचा नियम आहे. देवनागरी मजकूर यूटीएफ-८ मधून टक्केचिन्हांच्या रूपात बदलून ठेवावा लागतो. पीएचपीचे ‘सेटकुकी’ हे आपोआप करते आणि वाचताना उलगडूनही देते. पण तीच कुकी जावास्क्रिप्टने वाचली किंवा दुसऱ्या भाषेतल्या सर्व्हरने उलगडली नाही, तर ती टक्केचिन्हांची माळ तशीच दिसते. मजकूर मावत नाही याचे कारण असे : देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते आणि टक्केरूपात नऊ बाइटांचे होते. काना, मात्रा, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणून ‘क्षी’ हे डोळ्यांना एक दिसणारे अक्षर क, हलन्त, ष आणि दीर्घ ईकार मिळून छत्तीस बाइट घेते. या हिशेबाने एका कुकीत जेमतेम साडेचारशे चिन्हे मावतील. नाव सर्व्हरवर ठेवावे. कुकीच्या नावाविषयीही एक सूचना : पीएचपी वाचताना नावातील टिंब आणि रिकामी जागा यांच्याऐवजी अधोरेषा घालते, त्यामुळे टिंब असलेले नाव त्याच रूपात शोधल्यास सापडत नाही.

प्रश्न : ‘मला लक्षात ठेवा’ या पर्यायासाठी सेशनच्या कुकीची मुदत तीस दिवस केली, तरी वापरकर्ते अर्ध्या-एक तासात बाहेर फेकले जातात. दुसऱ्या एका प्रकल्पात तर कुकी ठेवताक्षणीच नाहीशी होते.

उत्तर : दुसरा प्रश्न लवकर सुटेल. मुदत कोणत्या एककात द्यायची हे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. हेडरमधील ‘मॅक्स-एज’ सेकंदांत असते. एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये त्याच अर्थाचा पर्याय मिलिसेकंदांत द्यावा लागतो. आणि पीएचपीचे ‘सेटकुकी’ कालावधी घेतच नाही, ते १९७० सालापासून मोजलेला क्षण घेते. तेथे ३६०० लिहिले तर ‘एक तास’ असा नव्हे, ‘१ जानेवारी १९७०, पहाटे एक’ असा अर्थ होतो आणि कुकी जन्मतःच कालबाह्य ठरते. चालू वेळेत ३६०० मिळवून द्यावेत.

पहिल्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या मुदती एक समजल्या गेल्या आहेत. कुकीची मुदत ब्राउझरकडे असते, सेशनच्या माहितीची सर्व्हरकडे. पीएचपीत सर्व्हरवरची माहिती मुळात १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटे, न वापरता राहिली की साफसफाईस पात्र ठरते. साफसफाई प्रत्येक विनंतीला होत नाही, ठरावीक संभाव्यतेने होते, म्हणून बाहेर फेकले जाण्याची वेळ निश्चित नसते. कुकी तीस दिवस जिवंत राहते, पण ती ज्याकडे बोट दाखवते ते उरलेले नसते. एकाच सर्व्हरवरची दोन अ‍ॅप्लिकेशन्स सेशनच्या फाइली एकाच डिरेक्टरीत ठेवत असतील, तर कमी मुदतीचे अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्याच्या फाइलीही झाडून टाकते, हेही तपासावे.

तथापि सर्व्हरवरची मुदत तीस दिवस करणे मला योग्य वाटत नाही. सेशन अल्पायुषी असू द्यावे, आणि ‘लक्षात ठेवा’साठी वेगळी दीर्घ मुदतीची कुकी द्यावी. तिच्यात यादृच्छिक टोकन असावे, डेटाबेसमध्ये त्या टोकनचा हॅश, वापरकर्ता आणि समाप्तीची तारीख असावी, आणि टोकन वापरले गेले की लगेच बदलून नवे द्यावे. डेटाबेस फुटला तरी हॅशवरून टोकन मिळत नाही, आणि पासवर्ड बदलल्यावर त्या वापरकर्त्याची सर्व टोकने रद्द करता येतात. अशा टोकनने आत आलेल्या माणसाकडून पासवर्ड बदलणे किंवा पैसे देणे यांसारख्या कृतींपूर्वी पुन्हा पासवर्ड मागावा. मुदत कितीही दिली तरी क्रोम २०२२ सालापासून कुकी चारशे दिवसांपेक्षा अधिक ठेवत नाही. उलट, मुदत न दिलेली कुकी ब्राउझर बंद केल्यावर जाईल असा भरवसाही धरू नये, कारण मागील टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू असेल तर अशा कुकीजही परत येतात.

प्रश्न : एका वापरकर्त्याने कळवले की त्याला दुसऱ्याच कुणाचे नाव आणि खाते दिसले. सेशनचे ओळखक्रमांक एकमेकांसारखे निघाले असतील का?

उत्तर : ओळखक्रमांक योग्य रीतीने तयार होत असतील तर ती शक्यता सोडून द्यावी आणि प्रथम कॅशकडे पाहावे. सर्व्हरसमोर राहून पानांच्या साठवलेल्या प्रती (कॅश) देणाऱ्या प्रॉक्सीने किंवा सीडीएनने एका वापरकर्त्यासाठी तयार झालेले पान साठवून दुसऱ्याला दिले असावे. नुसते पान गेले असेल तर दुसऱ्याचे नाव दिसते. पण साठवलेल्या प्रतिसादात ‘सेट-कुकी’ही असेल, तर दुसऱ्याचे सेशनच हातात पडते आणि हा प्रकार कितीतरी गंभीर आहे. ‘सेट-कुकी’ असलेला प्रतिसाद साठवू नये, असे एचटीटीपीचे कॅशविषयक मानक आपोआप ठरवत नाही. एनजिनएक्सचा प्रॉक्सी-कॅश मुळात असे प्रतिसाद साठवत नाही, परंतु ‘कॅशचा उपयोग वाढावा’ म्हणून ते हेडर दुर्लक्षित करण्याची सेटिंग कुणीतरी लिहून ठेवलेली सापडते. ती आधी शोधावी. त्यानंतर वापरकर्त्यानुसार बदलणाऱ्या प्रत्येक प्रतिसादाला ‘कॅश-कंट्रोल’ हेडरमध्ये ‘प्रायव्हेट’ किंवा, खात्याच्या पानांसाठी, ‘नो-स्टोअर’ लावावे, आणि चित्रे, स्टाइलशीट यांसारख्या सर्वांसाठी समान असलेल्या प्रतिसादांतून कुकी मुळीच पाठवू नये. दुरुस्तीनंतर कॅश रिकामा करावा आणि चालू सेशन्स रद्द करून सर्वांना पुन्हा लॉगिन करायला लावावे. वापरकर्त्यांना ते अडचणीचे वाटेल, पण कोणाचे सेशन कोणाकडे गेले हे नेमके सांगता येत नसताना दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

प्रश्न : माझ्या संगणकावर ३००० आणि ८००० या दोन पोर्टवर दोन वेगवेगळे प्रकल्प चालतात. एकात लॉगिन केले की दुसऱ्यातून बाहेर पडतो.

उत्तर : कुकीज पोर्ट पाहत नाहीत. जावास्क्रिप्टच्या ‘सेम-ओरिजिन’ नियमात पोर्ट वेगळा म्हणजे मूळ वेगळे, पण कुकींना तो नियम लागू नाही. होस्ट एकच असेल तर दोन्ही प्रकल्प एकाच नावाच्या कुकीवर आळीपाळीने लिहितात. दोन्ही प्रकल्पांत सेशन-कुकीचे नाव वेगळे ठेवावे, किंवा एक प्रकल्प ‘लोकलहोस्ट’ या नावाने आणि दुसरा १२७.०.०.१ या पत्त्याने उघडावा, कारण ब्राउझरच्या दृष्टीने ते दोन वेगळे होस्ट आहेत.